चलनाबाहेरचे स्वातंत्र्य

स्वातंत्र्याच्या वर्धापनाचे चांदीचे नाणे काढून सरकार स्वातंत्र्याची आठवण चलनातून काढून घेते, असे आमचे मत आहे. मत टोकाचे वाटेल. पण ते मांडण्यामागे वादाची हौस नाही. नाणे कशाने नाणे होते आणि आठवण कशाने आठवण राहते, या दोन प्रश्नांचा सरळ विचार केला की याच मुक्कामाला यावे लागते. अडचण अशी की आपल्याकडे हा विचार होतच नाही. नवे नाणे आले की त्याचे समारंभपूर्वक प्रकाशन होते, मखमली पेटी उघडून धरलेले छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी ‘राष्ट्राच्या स्मृतीला मूर्त रूप’ अशा थाटाचे एखादे वाक्य छापून येते. इतरांचे जाऊ द्या. भाषेच्या अध्यापकांनी तरी ‘मूर्त रूप’ या शब्दांपाशी थांबायला हवे. रूप म्हणजे आकार, ठसा. ठसा उमटवलेले ते रूप्य. त्यावरूनच आपल्याकडे चांदी रुपे झाली आणि नाणे रुपया झाले. म्हणजे धातूवर सत्तेचा ठसा उमटावा आणि त्या ठशाच्या भरवशावर तो धातू एका अनोळखी माणसाच्या हातून दुसऱ्या अनोळखी माणसाच्या हातात जावा, हा रुपयाचा मूळ धर्म. यातली दुसरी क्रिया थांबली की मागे नुसता ठसा उरतो.

प्रथम तपशील पाहू. स्वतंत्र भारताची पहिली स्मरणनाणी १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाली. ती एक रुपयाची आणि पन्नास पैशांची होती, साध्या धातूची होती आणि बाजारात फिरली. चांदी अवतरली ती १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या दहा रुपयांच्या नाण्यात. त्याचे वजन १५ ग्रॅम आणि त्यात चांदी ८० टक्के. तीन वर्षांनी, १९७२ साली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली म्हणून पुन्हा दहा रुपयांचे नाणे निघाले. हे साडेबावीस ग्रॅमचे, पण यात चांदी ५० टक्के. हिशोब करून पाहावा : गांधींच्या नाण्यात बारा ग्रॅम चांदी, स्वातंत्र्याच्या नाण्यात सव्वाअकरा. नाणे दीडपट जड झाले आणि त्यातली चांदी घटली. समारंभांचे गणित बहुधा असेच असते. १९९७ साली सुवर्णमहोत्सवाचे पन्नास रुपयांचे चांदीचे नाणे आले. पुढे २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या वेळी पंचाहत्तर रुपयांचे नाणे आले. आकडा अर्थातच स्वातंत्र्याच्या पंचाहत्तर वर्षांचा. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम; निम्मी चांदी, ४० टक्के तांबे आणि उरलेले निकेल व जस्त.

या पंचाहत्तर रुपयांच्या नाण्याने वैजापूरच्या आठवडी बाजारात कुणी कांदे घेतले असतील, अशी शक्यता नाही. त्यात साडेसतरा ग्रॅम चांदी आहे आणि तेवढ्या चांदीचीच किंमत नाण्यावर छापलेल्या किमतीच्या कितीतरी पट होते. शिवाय ते बँकेच्या खिडकीवर सुट्ट्या पैशांत मिळत नाही. टाकसाळीकडे मागणी नोंदवून, भरपूर रक्कम मोजून ते घ्यावे लागते. पंचाहत्तर रुपये विकत घेण्यासाठी काही हजार रुपये द्यायचे, हा व्यवहार गमतीचा आहे. पैशाने वस्तू घेतात; येथे पैशाने पैसा घेतला जातो आणि घेतलेला पैसा पुन्हा कधीही पैसा होत नाही. ‘दर्शनी किंमत’ हा शब्द मराठीत एरवी हिशोबाचा. या नाण्यापुरता तो अगदी शब्दशः खरा ठरतो, कारण या नाण्याला दर्शनापुरतीच किंमत आहे.

यावर कुणी म्हणेल की चांदीचे नाणे समारंभासाठी असते आणि सामान्य माणसासाठी साध्या धातूचे निघतेच. हे खरे आहे आणि आम्हाला हेच सांगायचे आहे. १९७२ च्या दहा रुपयांच्या नाण्यावर एक पुरुष, एक स्त्री, हातात झेंडा आणि मागे संसद भवन असे चित्र होते. तेच चित्र त्याच वर्षीच्या पन्नास पैशांच्या नाण्यावरही होते. हे साल मराठवाड्यात कशासाठी लक्षात राहिले आहे, ते येथल्या वाचकांना सांगायला नको. बहात्तरचा दुष्काळ. गावोगाव खडी फोडण्याची कामे, पाझर तलावांची आणि नालाबांधाची कामे, मिलो आणि सुकडी. खडीच्या ढिगाऱ्यावर बसलेल्या बाईच्या हातात चांदीचा दहा रुपया पडण्याचा संभव नव्हता. आठवड्याच्या मजुरीत ती अधेली मात्र तिच्या हाती येऊ शकत होती. झेंडा धरलेली नाण्यावरची स्त्री आणि हातोडा धरलेली ही स्त्री यांची गाठ पडण्याची एकमेव जागा म्हणजे ती पन्नास पैशांची अधेली. चांदीच्या नाण्यात ही भेट घडूच शकत नव्हती.

आणखी एक पाऊल पुढे जाऊ. बहात्तरचे खरे स्मारक कोणते? आमच्या मते रोजगार हमी. दुष्काळी कामांच्या आणि त्या कामांवरच्या लढ्यांच्या अनुभवातून १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि काम मागण्याचा हक्क कागदावर आला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याच्या पाठीशी हाच अनुभव उभा होता. या योजनेतला भ्रष्टाचार, हजेरीपटांवरची खोटी नावे, रखडलेली मजुरी हे सारे आम्हाला माहीत आहे. आमच्या वर्गांत बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरांना ते आमच्याहून अधिक माहीत आहे. तरीही ती वापरली जाणारी आठवण होती. तिच्यावर लोक भांडले, तिला खोटे-खरे म्हणाले, ती वाजवून घेतली. चांदीच्या नाण्याबद्दल गेल्या पन्नास वर्षांत कुणीही भांडलेले नाही. ज्या आठवणीवर भांडण होत नाही, ती आपण पेटीत ठेवून दिली आहे असे खुशाल समजावे.

आता आमच्या भूमीचा प्रश्न. वरच्या सर्व नाण्यांचा हिशोब १९४७ पासून चालतो. वैजापूर १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाले नाही. तालुक्याच्या पश्चिमेला येवला आणि नांदगाव, दक्षिणेला कोपरगाव. हा सारा मुलूख मुंबई प्रांतातला, म्हणजे त्या दिवशी स्वतंत्र झालेला. आम्ही हैदराबाद संस्थानात. मनमाडहून निघालेली गाडी नगरसूल सोडून रोटेगावला पोचेपर्यंत प्रवाशाचे राज्य बदललेले असे. येवल्यात झेंडावंदन राजरोस झाले. संस्थानात तिरंगा लावणे हा गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांना त्याच १५ ऑगस्टला अटक झाली. पुढचे तेरा महिने रझाकारांचा धुमाकूळ, सीमेवरच्या करोडगिरी नाक्यांवरचे हल्ले, मनमाड-सोलापूरसारख्या सीमेपलीकडच्या ठिकाणांहून चाललेला लढा असे गेले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. आमचे स्वातंत्र्य या तारखेचे आहे. नाण्यावर मात्र जागा एकाच तारखेपुरती असते आणि ती तारीख आमची नाही. गोमंतकीयांचीही नाही, त्यांना १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावे लागले.

येथे नाण्यांचाच एक इतिहास सांगण्याजोगा आहे आणि तो स्मरणनाण्यांच्या गौरवलेखांत कधी येत नाही. संस्थानचे स्वतःचे चलन होते : हाली सिक्का. रुपयावर चारमिनार, त्याच्या कमानीत मीर उस्मान अली खानांच्या नावाचे आद्याक्षर ‘ऐन’. सीमेपलीकडचा इंग्रजी रुपया तो कलदार, म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. पुढे हालीही यंत्रावरच पडू लागला, पण नावे तीच राहिली. दोघांचा भाव ठरलेला : सात हाली म्हणजे सहा कलदार. हा भाव कुठून आला, हे धातू सांगतो. हाली रुपयात सुमारे नऊ ग्रॅम चौदा सेंटिग्रॅम शुद्ध चांदी, कलदारात सुमारे दहा ग्रॅम एकोणसत्तर सेंटिग्रॅम. भागाकार केला तर सातास सहाच्या अगदी जवळ येतो. त्या चांदीने एक काम केले होते : दोन राज्यांच्या सीमेवरच्या माणसाला न्याय्य मोड मिळवून दिली होती. येवल्याच्या बाजारात जाणाऱ्या वैजापूरकराला ही त्रैराशिके तोंडपाठ करावी लागत.

‘हाली’ या शब्दाकडे पाहा. अरबी ‘हाल’ म्हणजे सद्यःस्थिती. ‘हाली’ म्हणजे सध्याचा, चालू. आपला ‘हल्ली’ हा शब्द त्याच घरातला. हाली सिक्का म्हणजे हल्लीचे नाणे, चालते नाणे. एका सरंजामी राज्याच्या नाण्याचे नाव ‘चालू’ असावे आणि लोकशाही राष्ट्राने स्वातंत्र्याच्या नावाने काढलेले नाणे कधीच चालू नसावे, या विसंगतीवर कुणाला काही बोलावेसे वाटत नाही, हे आम्हाला चमत्कारिक वाटते.

या कथेत आणखी एक वळण आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने संस्थानातून भारतात मौल्यवान धातू नेण्यावर निर्बंध घातले. दुसऱ्याने भारताचे चलन संस्थानात देण्याघेण्यास अवैध ठरवले. म्हणजे स्वतंत्र भारताचा रुपया आमच्या गावात बेकायदा होता. स्वातंत्र्य आणि नाणे यांचा खरा, जिवंत, बोचरा संबंध जर कुठे असेल तर तो येथे आहे : रोटेगावच्या फलाटावर खिशात असलेला भारताचा रुपया. त्याची चांदी किती, यावर त्याचे मोल अवलंबून नव्हते. खरे तर १९४७ चा तो रुपया निकेलचा होता आणि त्यावर सहाव्या जॉर्जचे डोके होते. सारनाथचे सिंह भारताच्या नाण्यांवर सर्वत्र आले ते १५ ऑगस्ट १९५० च्या मालिकेपासून. परक्या राजाचे तोंड असलेल्या, चांदी नसलेल्या त्या नाण्यात जेवढे स्वातंत्र्य होते तेवढे आज मखमलीतल्या कुठल्याही चांदीच्या चकतीत नाही, असे आम्ही म्हणतो. कारण ते स्वीकारणे किंवा नाकारणे याला अर्थ होता.

पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. निजामाची सत्ता १९४८ साली गेली, १९५१ पासून हाली पाडणे थांबले, पण ते चलनातून पूर्णपणे बाद झाले १९५९ साली. दरम्यान १९५६ मध्ये संस्थानचे तुकडे होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. राजा गेला, राज्य गेले, नाणे चालत राहिले. आणि ज्या हैदराबादच्या टाकसाळीत ते पडत होते ती टाकसाळ १९५० साली भारत सरकारच्या हाती आली. आजही एखाद्या नाण्यावर सालाखाली छोटी चांदणी दिसली तर ते हैदराबादचे समजावे. इतिहास असा हाताखालून सरकत असतो. त्याला व्यासपीठ लागत नाही.

आमच्या विरोधात एक भारदस्त युक्तिवाद होऊ शकतो, तो टाळून चालणार नाही. नाणी ही इतिहासाची साधने आहेत. उद्याच्या संशोधकाला या स्मरणनाण्यांतून आजचा काळ कळेल, असे म्हणता येईल. या युक्तिवादाला उत्तर आमच्या शेजारच्या जिल्ह्यातच आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केला याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. पण तो पुरावा कशामुळे झाला? ती नाणी लोकांच्या हातात होती म्हणून. जिंकलेल्या राजाला आपला विजय लोकांपर्यंत न्यायचा होता. त्यासाठी त्याने लोक वापरत होते तेच नाणे घेतले आणि त्यावर आपली खूण केली. त्याने विजयाचे वेगळे, शोभेचे नाणे पाडून दरबाऱ्यांना वाटले असते तर आज आपल्याला दरबाराविषयी काही कळले असते, विजयाविषयी नाही. आजच्या स्मरणनाण्यांतूनही उद्याच्या संशोधकाला काही कळेल हे खरे. एक राष्ट्र आपल्या आठवणी न वापरता जपून ठेवत असे, एवढे त्याला नक्की कळेल. झिजलेले नाणे बोलते. न झिजलेल्या नाण्याजवळ सांगण्यासारखे काय असणार?

नाणेसंग्राहकांशी आमचे भांडण नाही, हेही सांगून टाकतो. हाली सिक्क्याचे अनेक नमुने त्यांच्या छंदामुळेच टिकले. छंदाने वस्तू जपावी हे योग्यच. पण राज्यसंस्थेने राष्ट्रीय स्मरण हा छंदाचा विषय करावा, हे योग्य नाही.

आता मुद्दा आमच्याच लोकांचा. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे अमृतमहोत्सवी वर्ष २०२२-२३ मध्ये साजरे झाले. १६ सप्टेंबर २०२३ ला राज्य मंत्रिमंडळाची बैठकही छत्रपती संभाजीनगरला भरली. अशा वेळी आपल्या मनात उठणारी पहिली मागणी ठरलेली असते : आमचेही तिकीट काढा, आमचेही नाणे काढा, आमचेही शिल्प उभारा. सत्तेचाळीसच्या नाण्यावर आमची तारीख नाही हे दुःख खरे आहे. पण त्यावरचा उपाय अठ्ठेचाळीसचे आणखी एक चांदीचे नाणे हा नव्हे. त्याने आमची तारीखही त्याच मखमलीत जाऊन पडेल. वंचिताने वंचना करणाऱ्याचीच रीत मागून घ्यावी, हा आपल्या प्रादेशिक अस्मितेचा जुना दोष आहे.

दुसरे असे की या लढ्याची आठवण नाण्यावर मावणारी नाही. नाण्याला दोन बाजू असतात असे आपण म्हणतो, पण स्मरणनाण्याच्या दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगतात : एका बाजूला राज्य आणि दुसऱ्या बाजूला राज्याचा गौरव. हैदराबादच्या लढ्याला मात्र खरोखर दुसरी बाजू आहे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएब उल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू घेतली म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. हा लढा हिंदूंचा मुसलमानांविरुद्धचा होता असे सांगणाऱ्यांना हे एक नाव पुरेसे आहे. आणि पोलीस कारवाईनंतर संस्थानातल्या काही जिल्ह्यांत मुस्लिम वस्त्यांवर जे गुदरले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने केली. तिच्या अहवालात मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा आहे. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. २०१३ साली तो खुला झाल्याची चर्चा झाली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्याचे नाव प्रथमच ऐकले. रझाकारांचे अत्याचार विसरायचे नाहीत आणि हा अहवालही विसरायचा नाही. हे दोन्ही एकत्र धरून ठेवणे धातूला जमत नाही. ते गद्याला जमते. म्हणून हा विषय आमचा आहे, टाकसाळीचा नाही.

पण गद्याने तरी ते केले काय? येथे आम्हाला स्वतःच्या व्यवसायाकडे वळले पाहिजे. टाकसाळीला नावे ठेवणाऱ्या साहित्यव्यवहारानेही आपली चांदीची नाणी पाडलीच आहेत. गौरवग्रंथ हे आमचे स्मरणनाणे. षष्ट्यब्दीपूर्तीला निघालेला, जाड पुठ्ठ्याचा, ज्यांचे लेख आहेत त्यांनीही एकमेकांचे लेख न वाचलेला ग्रंथ. वजन दीडपट आणि चांदी कमी. चर्चासत्रांतली शाल, श्रीफळ आणि काचेच्या पेटीतले स्मृतिचिन्ह हीही त्याच टाकसाळीची पैदास. ‘मराठवाड्यातील साहित्य’ या नावाची अभ्यासपत्रिकाही पुष्कळदा मखमली पेटीच ठरते. बी. रघुनाथ निजामी राजवटीत परभणीला राहून लिहीत होते, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो. पण त्या राजवटीत मराठी लेखकाच्या भोवती कोणती भाषा कचेरीत होती, कोणती शाळेत, कोणती बाजारात, आणि त्याचा त्या लेखनाच्या घडणीशी काय संबंध, हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’, नरहर कुरुंदकरांचे हैदराबादविषयक लेखन, सेतुमाधवराव पगडींचे ‘जीवनसेतू’ हे सारे गद्य चलनात ठेवण्याच्या योग्यतेचे आहे. ते सप्टेंबरात पुष्पहार घालण्यापुरते बाहेर काढले जाते.

याउलट जे चलनात राहिले ते कसे राहिले, हेही आमच्याच तालुक्यात दिसते. संत बहिणाबाईंची समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला आहे. त्यांचे गुरू तुकोबा. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तरल्या, या आख्यायिकेचा एक समजूतदार अर्थ असा लावला गेला आहे की लोकांच्या मुखात असलेला अभंग बुडवता येत नाही. सरकारने २००२ साली तुकोबांच्या नावाची नाणी काढली. त्याआधी १९९९ साली ज्ञानेश्वरांच्या नावाची. त्यांत साध्या धातूचे चलनी नाणेही होते आणि शंभर रुपयांचे चांदीचेही. राजाचा नजराणा परत पाठवल्याची कथा ज्याच्याविषयी सांगितली जाते, त्याला चांदीत बसवणे हा विनोद कुणाच्या लक्षात आला नसावा. ते साध्या धातूचे नाणे मात्र आम्हाला मान्य आहे. ते दिंडीत टाळकऱ्याच्या खिशात गेले असेल, चहाच्या टपरीवर पडले असेल, गुळगुळीत झाले असेल. तुकोबांना तेच शोभते.

आठवण चलनात येते म्हणजे काय होते, याचे अगदी अलीकडचे उदाहरण देऊन थांबतो. २०२३ साली मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला गेला. आरक्षणाच्या वादात आम्हाला येथे शिरायचे नाही. सांगायचे ते एवढेच की तहसील कचेऱ्यांत धूळ खात पडलेल्या जुन्या कागदांना एकाएकी मोल आले आणि त्याच क्षणी उघडकीला आले की ते कागद उर्दूत आणि मोडीत आहेत व ते वाचणारी माणसे मिळत नाहीत. संस्थानची राजभाषा उर्दू होती. आमच्या गावांचा तीन-चार पिढ्यांचा कारभार त्या लिपीत लिहिला गेला. आणि त्याच प्रदेशात मराठीची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला ती लिपी ओळखता यावी, असे आम्हा अध्यापकांना आवश्यक वाटले नाही. पगडींना वाटले असते. आम्हाला आमच्या आजोबांच्या सातबाऱ्याआधीचा कागद वाचता येत नाही आणि आम्ही स्वातंत्र्याचे महोत्सव साजरे करतो.

म्हणून आमची मागणी नाण्याची नाही. सीमेवरच्या तालुक्यांतील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी उर्दू लिपीचा आणि मोडीचा सहा महिन्यांचा वर्ग चालवावा. तालुक्यातल्या निजामकालीन कागदांच्या प्रती काढून त्यांचे मराठी वाचन विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. हाली-कलदारचे हिशोब, करोडगिरीचे नाके, सीमेपलीकडे गेलेली आणि परत आलेली कुटुंबे, जळालेली घरे – रझाकारांनी जाळलेली आणि नंतर जाळली गेलेली, दोन्ही – यांच्या नोंदी आणि घराघरांतून ऐकू येणाऱ्या आठवणी त्यांनी लिहून काढाव्यात. या कामाला अनुदान लागेल म्हणून ते पुढे ढकलू नये. चांदीच्या एका स्मरणनाण्याला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात पुष्कळ कागदांच्या झेरॉक्स निघतात, आणि चर्चासत्रातल्या वीस स्मृतिचिन्हांच्या किमतीत उर्दू शिकवणाऱ्या एखाद्या निवृत्त मास्तरांचे सहा महिन्यांचे मानधन निघते. येत्या १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमाचे अंदाजपत्रक करताना विभागांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा. तो हाली रुपयात मांडला तरी आमची हरकत नाही.